फळ्या काढण्याचा मान

माधवी,

दादरच्या त्या सभागृहात, तुझ्या शोकसभेला, मी मागच्या रांगेत बसले होते. तुझ्या फोटोला घातलेला हार माझ्याच फुलांच्या गाळ्यावरून गेला होता. बोलणारे एकामागून एक उठत होते आणि मागच्या पडद्यावर तुझी छायाचित्रं येत-जात होती. त्यात आमच्या गावच्या बंधाऱ्याचं आलं. व्हाळाच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, काठावर ढोल, पालखी, मोठ्या घरचे आबा फेटा बांधून बंधाऱ्याची लाकडी फळी वर ओढतायत, आणि बाजूला तू, ओढणी कमरेला बांधून, हसतेस. एक गृहस्थ म्हणाले, पर्यावरणाचं शास्त्र लोकांच्या परंपरेत कसं रुजवावं याचा हा वस्तुपाठ आहे. शोकसभा होती म्हणून, नाहीतर टाळ्याच पडायच्या.

मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठले नाही. उठले असते तर तुझ्या भावाला त्या हॉलमध्ये मान वर करता आली नसती. तेव्हा तिथे बोलायचं होतं ते इथे लिहिते. तुला उत्तर देता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण तू जिवंत असतानाही या एका बाबतीत उत्तर देत नव्हतीस.

आपली ओळख भांडणातून झाली. भाव न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. ते मला चोर समजतं की स्वतःला मोठं समजतं, कळत नाही. तू दर गुरुवारी वडिलांच्या पूजेसाठी सोनचाफा न्यायला यायचीस आणि मी सांगेन तो भाव देऊन चालू लागायचीस. एकदा मी मुद्दाम दुप्पट सांगितला. तू तेवढाही दिलास. मी मागून ओरडले, ओ बाई, काही जीव आहे की नाही अंगात. तू परत फिरलीस, पुडी उघडलीस आणि विचारलंस, या चाफ्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी का झाल्यात, याला पाणी कुठलं घालतात. मी म्हटलं, ते माझ्या अक्काला विचार, झाड गावी तिच्या दारात आहे. तिथून सुरू झालं.

नवऱ्याची गिरणी बंद पडली, त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मी एक टोपली घेऊन दादरच्या फूटपाथवर बसले होते. फुलमार्केटातले दोन गाळे मी कुणाच्या मेहेरबानीने घेतलेले नाहीत. फक्त एकदा कुणाचा तरी हात लागला, तो तुझा. गाळा रिकामा करायची नोटीस आली होती, सगळी इंग्रजीत. लालबागच्या आमच्या चाळीत तिघांनी वाचून तीन अर्थ सांगितले. तू एकदाच वाचलीस आणि म्हणालीस, यात त्यांनी स्वतःचीच चूक लिहून ठेवलीय. वकिलाकडे माझ्या शेजारी येऊन बसलीस. एक कागद काय करू शकतो, हे मला तूच दाखवलंस. पुढे तोच एक कागद मी तुझ्याकडे मागितला, तेव्हा तुझा हात चालला नाही.

आमचा गाव रत्नागिरीच्या दक्षिण टोकाला. वरची वाडी डोंगराच्या अंगाला, खालची खाडीला लागून, आणि मधून व्हाळ. वरच्या वाडीत उन्हाळ्यात पाण्यासाठी मारामार, खालच्या वाडीतल्या विहिरी मात्र बारमाही गोड. अक्का, माझी थोरली बहीण, खालच्या वाडीत दिलेली. तिच्या परसातली अबोली आणि चाफा एसटीने माझ्याकडे यायचा. मग एका संस्थेच्या पैशाने पाणलोटाचा आराखडा आला. डोंगरावर चर खणायचे, ओहोळांना दगडी बांध घालायचे, आणि व्हाळावर एक बंधारा बांधून त्याच्या खाचांत फळ्या बसवून पावसाळ्यानंतरचं पाणी अडवायचं. संस्थेची एकच अट होती, या सगळ्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील ते आधी जाणकाराकडून तपासून घ्या. गावच्या मुंबई मंडळात प्रश्न पडला, असा जाणकार आणायचा कुठून. मी म्हटलं, माझ्याकडे आहे.

तू काम चोख केलंस, हे मी कुठेही सांगेन. खालच्या वाडीतले लोक खूश होते. वर पाणी अडलं की झिरपत झिरपत आपल्याकडेच येणार, असं त्यांना वाटत होतं. ऐन मे महिन्यात तू व्हाळ उगमापासून खाडीपर्यंत चालत गेलीस. प्रत्येक विहिरीत तुझी ती नळी सोडून खारटपणा मोजलास. अक्काच्या पडवीत बसून तू मला समजावलंस की, खाडीचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरायला टपलेलं असतं. उन्हाळ्यात व्हाळातून वाहणारं ते बोटभर गोडं पाणी त्याला मागे रेटून धरतं. वर बंधाऱ्यात ते बोटभर पाणीही अडकलं, की खारं पाणी विहिरीत.

मी विचारलं, मी गल्ल्यावरून उठले की कुणाचा ना कुणाचा हात गल्ल्यात जातो, तसं? तू म्हणालीस, अगदी तसं.

तुझ्या अहवालात तू बंधाऱ्याला नाही म्हटलं नाहीस. वरच्या वाडीच्या बायकांचे हंडेही तू पाहिले होतेस. तू अट घातलीस की शिमगा झाला की बंधाऱ्याच्या तळाच्या दोन फळ्या काढायच्या. वरच्यांचा साठा थोडा घटेल, पण खालचा व्हाळ वाहता राहील. तारीख लोक विसरतात, शिमगा विसरत नाहीत, म्हणून शिमगा. इथपर्यंत तुझ्यासारखी हुशार बाई मी पाहिली नव्हती.

मग लालबागची ती मंडळाची सभा. गावाची खोली तुला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तुला नवल वाटलं होतं. गिरण्यांच्या काळात गावचे पुरुष पाळीपाळीने तिथे झोपायचे. आता झोपायला कुणी नाही, पण गावाचे निर्णय अजून त्याच खोलीत होतात. बाईमाणूस म्हणून मला आत बसायला जागा नव्हती. मी वर्गणी थांबवली, मग जागा झाली. त्या दिवशी अध्यक्ष तात्यांनी विचारलं, या फळ्या काढायच्या कुणी. कोणीतरी म्हणालं, शिमग्याची पालखी व्हाळावरूनच जाते, तिथे ती थांबेल आणि मोठ्या घरचे आबा फळ्या काढतील. त्यांना मान द्या. सगळी खोली खूश झाली. तुझा चेहरा तर असा उजळला की मला भीती वाटली. मी तुला बाहेर गॅलरीत ओढलं.

"मान नको," मी म्हटलं. "पगारी माणूस ठेवायला सांग."

"अगं, पगारी माणूस कधी वेळेवर आलाय? हे देवाच्या नावाने करतील. कायमचं टिकेल."

"पगारी माणूस चुकला तर त्याला काढता येतं, माधवी. मानकऱ्याला काढता येत नाही."

"शैला, तुला सगळीकडे बाजार दिसतो."

तू हसत म्हणालीस. पण ते वाक्य मला लागलं, ते आजही लागलेलं आहे. मुंबईच्या फणसवाडीतल्या तुमच्या घरात मान म्हणजे शाल आणि नारळ. आमच्याकडे मान म्हणजे हक्क, आणि हक्क म्हणजे दुसऱ्याने हात लावायचा नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ एकमेकांच्या मर्तिकाला गेलेले नाहीत. तू पाण्याचा स्वभाव ओळखलास. माणसांचा मी सांगत होते, तो तुला बाजार वाटला.

पहिल्या वर्षी झालं तुझ्या मनासारखं. ढोल वाजले, आबांनी फळ्या काढल्या, ते छायाचित्र निघालं. ते घेऊन तू कुठे कुठे गेलीस, बोललीस, आणि आणखी तीन गावांना हीच पद्धत शिकवलीस. दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर आबा गेले. मोठ्या घराला सुतक. सुतकात मान चालवता येत नाही, आणि मान त्यांचा म्हणून दुसऱ्याला फळीला हात लावता येत नाही. मंडळ म्हणालं, एका वर्षाचा प्रश्न आहे. तिसऱ्या वर्षी आबांचे दोन मुलगे उभे राहिले. थोरला परळला राहतो, तो म्हणाला मान थोरल्याचा. धाकटा गावात राहतो, तो म्हणाला घरात दिवा लावतो त्याचा. देवाला कौल लावला. कौल दोघांनीही आपापल्या बाजूने लावून घेतला. शेवटी ठरलं, निकाल लागेपर्यंत फळ्यांना कुणीच हात लावायचा नाही. ज्या फळ्या खालच्या वाडीला जगवण्यासाठी काढायच्या होत्या, त्या दोन भावांच्या भांडणात पाण्याखाली फुगून बसल्या.

अक्काचा फोन आला. "शैले, चाय फाटता गो," एवढंच म्हणाली. दूध घातलं की चहा फाटत होता. मी गेले तेव्हा विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. अबोली कडेने जळून गेली होती. चाफ्याने पानं टाकली होती. वरच्या वाडीतून एका टेम्पोत कॅन भरून गोडं पाणी यायचं, ते बंधाऱ्यात अडवलेलं. म्हणजे अक्काचंच पाणी अक्काला उपकार म्हणून मिळायचं, आणि वर ती टेम्पोवाल्याला चहा विचारायची. मी तिला म्हटलं, चल मुंबईला. ती म्हणाली, विहीर सोडून कुठे येऊ. मग तिने तुझं विचारलं. तुझी ती बाय काय म्हणता, तिने सांगितलं होतं ना असं होणार म्हणून, मग ती काय करता. तुला गावात आणणारी मी होते, माधवी. खालच्या वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर मला हा प्रश्न ऐकावा लागला.

दोन बायकांना घेऊन मी भर दुपारी पहार घेऊन बंधाऱ्यावर गेले. वरच्या वाडीचे लोक आधीच उभे होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. आबांचा धाकटा एवढंच म्हणाला, वैनी, तुम्ही मुंबईला जाल, अक्का इथे राहणार आहे. पुढच्या हळदीकुंकवाला अक्काला वरच्या वाडीतून एकही बोलावणं आलं नाही.

तेव्हा मी संस्थेला फोन केला. ते सरळ बोलले. ज्या बाईंनी परिणाम तपासले त्यांनी लिहून दिलं, की अट मोडली गेली आहे आणि विहिरी खाऱ्या झाल्या आहेत, तर आम्ही माणसं पाठवून फळ्या काढून टाकू आणि तिथे कुलपाचा लोखंडी दरवाजा बसवू, किल्ली ग्रामपंचायतीकडे. मी गाळा बंद करून तडक फणसवाडीत तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, आकडे लागतात.

मी म्हटलं, अक्काच्या चहाचे आकडे देऊ का.

तू चिडलीस. म्हणालीस, माझा अहवाल बरोबर होता, अट तुमच्या गावाने मोडली. मी म्हटलं, अट मोडणार हे मी तुला गॅलरीत सांगितलं होतं, तेव्हा तू मला बाजार दाखवलास. मग तू खरं बोललीस. इथे फळ्यांचा मान फसला असं लिहिलं, तर बाकीच्या तीन गावांतही ते लागू होईल, सगळं काम मागे जाईल, ज्यांना पहिल्यापासून लोकांवर विश्वासच नाही त्यांना आयतं कोलीत मिळेल. म्हणजे तुझी पद्धत वाचावी म्हणून माझ्या बहिणीने खारं पाणी प्यायचं. हा सौदा तू माझ्याशी केलास. त्याआधी तुला कधी भाव करता येत नव्हता.

त्यानंतर मी तुझ्या गुरुवारच्या पुडीत आदल्या दिवशीचा चाफा घालायला लागले. तुला कळत होतं. तू पुडी हुंगायचीस, माझ्याकडे बघायचीस, ठेवायचे ते पैसे ठेवायचीस आणि जायचीस. एकदा तरी भांडली असतीस तर बरं झालं असतं.

मग तुझ्या भावाचा फोन आला, ताई आजारी आहे, तुमचं नाव काढते. मी भांडायच्या तयारीनेच आले होते. जिना चढताना वाक्यं जुळवली होती. वर येऊन पाहिलं तर पलंगावर अर्धी माधवी. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस, तर अक्काची विहीर.

"खारीच आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," तू म्हणालीस. "मागच्या मे महिन्यात मी जाऊन मोजून आले. कुणाला न सांगता."

"मग लिहीत का नाहीस?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. आणि मी, जिने आयुष्यात कुणाला अर्ध्या भांडणातून सोडलं नाही, ती तुझी उशी सारखी करून निघून आले. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. तुला माहीत होतं. अगदी तुझ्या आकड्यांसकट माहीत होतं. तू मेलीस त्याचं दुःख मला आहे, ते कुणाला दाखवायची गरज नाही. पण भांडण असं अर्ध्यावर टाकून जाणं याला मी फसवणूक म्हणते.

तुझा दहावा झाला आणि लालबागच्या खोलीत सभा बसली. तात्यांनी सुचवलं, बंधाऱ्याला बाईंचं नाव द्यावं. आबांचे दोन्ही मुलगे हो म्हणाले, कितीतरी दिवसांनी एका तोंडाने. कारण उघड होतं. शिमग्याला मुंबईकर गावी जातातच, त्याच वेळी नामफलकाचं अनावरण ठेवायचं, संस्थेचे साहेब येतील, आणि वर डोंगराकडे दुसऱ्या बंधाऱ्याचं बोलणं होईल. मला आधी वाटलं, उठावं आणि खोली डोक्यावर घ्यावी. मग मी शांतपणे म्हटलं, पत्र्याचा फलक नको, गंजतो, दगडाचा करू. करवून मी आणते. कुणाची हरकत नव्हती. दगडवाल्याशी घासाघीस करायला माझ्यापेक्षा बरा माणूस मंडळात नाही.

परळला एक दगड कोरणारा आहे, त्याच्याकडे गेले. वर तुझं नाव, ठसठशीत. खाली दोन ओळी: शिमगा झाल्यावर या बंधाऱ्याच्या तळाच्या दोन फळ्या काढाव्यात. कोणीही काढाव्यात.

पहिली ओळ तुझ्या अहवालातली आहे. दुसरी माझी. पण दगडावर नाव एकट्या तुझंच आहे. कोरणारा म्हणाला, बाई, स्मारकावर असलं कोण लिहितं. मी म्हटलं, मयत बाईंची शेवटची इच्छा आहे. नव्हती, हे मला ठाऊक आहे आणि तुला.

दगड गोणपाटात गुंडाळून फुलांच्या टोपल्यांबरोबर गावी पोचला आहे. त्यावर झेंडूची चादर मीच घालणार, म्हणजे साहेब ती दूर करेपर्यंत कुणाला काही वाचता येणार नाही. समोर वरची वाडी, खालची वाडी, दोन्ही भाऊ, तात्या आणि कॅमेरे. आमच्या गावात जिवंत माणसाचं म्हणणं कुणी मोजत नाही, पण मेलेल्याच्या नावाच्या दगडाला छिन्नी लावायची कुणाची छाती नाही. पुढे होऊन पहिली फळी अक्का काढणार आहे. कुणी विचारलं कोणत्या मानाने, तर ती दगडाकडे बोट दाखवेल. तिला मी तेवढंच शिकवलंय.

शिमगा उलटेल तोवर हे झालेलं असेल, किंवा फसलेलं असेल. फसलं तर मी दुसरं काही करीन. जमलं तर लोक म्हणतील, माधवीबाई किती दूरदृष्टीच्या, जाता जाता गावाचा तंटा मिटवून गेल्या. ती वाहवा तुला फुकटात मिळणार, आणि मला ती मुकाट्याने ऐकावी लागणार. तुझ्या त्या तीन गावांतही कुणीतरी हा फोटो दाखवेल, आणि तिथल्या मानकऱ्यांनाही तो वाचावा लागेल. तू लिहायला घाबरलीस ते आता तुझ्याच नावाने गावोगाव फिरेल.

मी तुला माफ केलेलं नाही, माधवी. तुझ्याकडून काम करून घेतलंय.